मागच्या सीटवरचे मानसिंगराव

मोटरसायकल विकायला काढलेल्या पोरगेल्या ध्रुवने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. मी ती अवंतीच्या हातात दिली.

"म्हणजे… आंटी चालवणार?"

"आंटीच घेणारेत," मी म्हटलं. "मी स्कूटरवाला माणूस."

बडोद्याच्या अकोटा भागातल्या त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाल गाडी उभी होती. साडेसहाशे सीसी, चार सिलिंडर, हँडल खाली आणि सीट वर. बसलं की माणूस टाकीवर ओणवाच होतो. अवंती बसली, तिने बटण दाबलं आणि इंजिनाचा आवाज ऐकताना तिचा चेहरा असा काही उजळला, की पार्किंगमधून जाणाऱ्या एक बाई थांबून बघायला लागल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा चेहरा मी फार क्वचित बघितला होता.

माझी बायको सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, हाडांच्या वॉर्डात. बडोद्याच्या आसपास मोटरसायकलवरून जो पडतो, तो बहुतेक तिच्याच वॉर्डात येतो. पाय वजनाला टांगलेली पोरं शुद्धीवर आल्यावर आधी गाडीची चौकशी करतात आणि हिची बोलणी खातात. घरी येऊन ती चहा घेते, पाठ टेकते आणि मग फोनवर जुन्या मोटरसायकलींच्या जाहिराती बघत बसते. लग्नाआधी भावाची गाडी ती पोलो ग्राउंडच्या बाजूला पळवायची. नंतर इतकी वर्षं ड्यूटीला जायला एक साधी गाडी होती. आता तिला मोठी हवी होती.

"तू रोज एवढं बघतेस, तरी?" असं मी तिला महिनाभर विचारत होतो. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "शुभंकर, जे पडतात तेच माझ्याकडे येतात. जे नाही पडत, ते मला कधी भेटतच नाहीत." त्यानंतर मी विचारायचं सोडलं. काळजी मात्र सुटली नव्हती.

अवंतीने इंजिन बंद केलं, खाली उतरून हँडल सरळ धरलं आणि पुढच्या चाकाकडे बघत राहिली. चाक किंचित डावीकडे बघत होतं.

"कधी पडली आहे का रे?"

"नाही आंटी. एकदम सरस ठेवलीय. एक लिसोटो नथी, बघा ना."

ओरखडा खरंच नव्हता. रंग नवा कोरा होता. अवंती त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "वरच्या फळीवरचं ते हेल्मेट काढून दे जरा. डाव्या हाताने."

ध्रुवचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"थंडीत दुखतो का?"

त्याने हात खाली घेतला. मग म्हणाला, "हालोल रोडला कुत्रं आडवं आलं. पप्पा म्हणाले, विकताना बोलायचं नाही."

"व्यायाम करतोस?"

"छोडी दीधो. सोडलाच."

मला वाटलं, आता ही बोलणार. पण तिने त्याला पार्किंगच्या भिंतीजवळ उभं केलं, त्याची बोटं भिंतीवर टेकवली आणि मुंगी चढते तशी हळूहळू वर न्यायला लावली. त्याचे दात आवळले गेले होते. "इथवर आला ना? उद्या याच्यावर एक बोट. आंघोळीनंतर करायचं, अंग गरम असताना." त्याने मान हलवली.

"गाडी घ्या ना आंटी," तो एकदम म्हणाला. "मला रोज दिसते ती. बसायची हिंमत होत नाही."

"नाही बेटा, मी नाही घेणार. पण जो कोणी घ्यायला येईल, त्याला सांग. त्याचीही घरी कुणीतरी वाट बघत असतं."

गेटबाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आवाज काय होता रे तिचा!" आणि ओढणीने डोळे पुसले. मी स्कूटर काढली. खरं सांगायचं तर मनातून मी सुटलो होतो.

दुसरी गाडी जुन्या शहरात, वाडी भागात होती. रविवारची सकाळ, म्हणून पोळात, जुन्या घरांच्या त्या अरुंद गल्लीत, वर्दळ कमी. मानसिंगराव ओट्यावर खुर्चीत बसलेले. साठीचा उंच माणूस. उजवा हात मांडीवर ठेवलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. नंदेसरीच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर बॉयलर सांभाळला होता. मूलबाळ नाही, व्यसन नाही. गाडी हाच एक शौक. दोन वर्षांपूर्वी जेवता जेवता अर्धांगाचा झटका आला.

ओट्याखाली हिरवी गाडी उभी. साडेसहाशेचीच, पण दोन सिलिंडरची, हँडल थोडं वर. रंग उन्हाने फिका झालेला, टाकीवर बारीक चरे.

"टायर… पुढचं… बदलायला लागेल," मानसिंगराव एकेक शब्द जुळवत बोलले. "मागचा ब्रेक… घासलाय. तिसऱ्या गिअरला… कधी कधी… अडते. बाकी… ठीक."

"अहो, विकायचीय ना तुम्हाला?" लीलाताई, त्यांच्या पत्नी, चहा देता देता म्हणाल्या. "पहिल्यापासून असंच. जो येतो तो हे ऐकून चालता होतो."

अवंतीने विचारलं, "काका, किती वेळा पडलात?"

"एकदाही… नाही."

"चाळीस वर्षं चालवलीय त्यांनी," लीलाताई म्हणाल्या. "कितीक गाड्या झाल्या. पावागढला मला मागे बसवून न्यायचे. पडले ते जेवणाच्या पाटावरून."

अवंतीने माझ्याकडे पाहिलं. न पडणारा एक तिला आज भेटला होता.

तिने गाडी पोळाच्या तोंडापर्यंत नेऊन आणली. परत आली तेव्हा मानसिंगराव भिंत धरून उभे राहिले होते.

"बेन… एक काम कर ने. मला… मागे… बसव."

"काही नको!" लीलाताईंनी हातातला कप खाली ठेवला. "वेडबिड लागलंय का?"

मीही नकोच म्हणणार होतो. अवंती म्हणाली, "थांबा. आधी मला बघू दे." तिने त्यांचा डावा हात धरून जोरात दाबायला लावला. नाडी बघितली. उजवं पाऊल उचलायला लावलं. ते उचललं, पण जागेवर राहीना. डोळे मिटून ताठ बसवून बघितलं. मग लीलाताईंकडे वळून म्हणाली, "तोल आहे त्यांचा. पाय घसरेल, तो बांधावा लागेल. जुनं सुती लुगडं आहे का? तुम्ही हो म्हणालात तरच."

लीलाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग आत गेल्या आणि लुगडं घेऊन आल्या. येताना त्यांनी नवऱ्याचं हेल्मेटही आणलं आणि स्वतःच्या हाताने त्यांना घातलं.

आम्ही तिघांनी मिळून त्यांना बसवलं. अवंतीने लुगड्याची रुंद घडी करून त्यांना आपल्या कमरेशी आवळून बांधलं, गाठ स्वतःच्या पोटावर घेतली आणि एक पट्टी फाडून त्यांचं पाऊल पाय ठेवायच्या दांडीला बांधलं. हे तिने असं सहज केलं, जसं एरवी प्लास्टरचा पाय उशीवर ठेवते. मी स्कूटर घेऊन मागे निघालो, बोटं ब्रेकवर ठेवूनच.

गल्लीतून ती चालण्याच्या वेगाने गेली. मांडवी ओलांडली, सूरसागर तळ्याच्या कडेने वळली आणि मला पहिल्यांदा दिसलं की वळणावर मानसिंगराव तिच्याबरोबर झुकतायत. झटक्याने वाकडं झालेलं ते अंग बरोबर हवं तेवढंच झुकत होतं, आणि वळण संपलं की सरळ होत होतं. दांडिया बाजारातून अकोट्याच्या पुलावर चढल्यावर त्यांच्या डाव्या हाताने तिच्या खांद्यावर थाप मारली. तिने गिअर बदलला. आणखी एक थाप. तिने आणखी एक बदलला. माझी स्कूटर मागे पडत गेली. पुढे ती दोघं एका रेषेत होती, आणि माझी भीती नेमकी कुठे गळून पडली ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की पुलावर मी एकटाच मोठ्याने "वाह!" म्हणालो.

परत आल्यावर गाठी सोडायला लीलाताई धावल्या. मानसिंगरावांचा शर्ट घामाने भिजला होता. ओट्यावर बसवल्यावर ते अवंतीला म्हणाले, "ब्रेक… छान मारतेस. घाई… नाही करत."

तिला इतक्या वर्षांत मिळालेल्या कुठल्याही शाबासकीने ती एवढी लाजली नसेल.

व्यवहार तिथेच झाला. कुणी घासाघीस केली नाही. निघताना अवंतीने त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, त्यांनी डाव्या हातानेच तिला थांबवलं.

"आवजो," लीलाताई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या हेल्मेटचा पट्टा काढायला वाकल्या. मानसिंगरावांनी बायकोचा हात धरून बाजूला केला. गाडी सुरू झाली. पोळाच्या वळणावर मी स्कूटर थांबवून मागे बघितलं. मानसिंगराव खुर्चीत हेल्मेट घालून ताठ बसले होते, काच खाली ओढलेली. लीलाताई शेजारी उभ्या होत्या, लुगड्याची घडी घालत.

अवंतीच्या गाडीचा आवाज पार मांडवीपलीकडे गेला, तरी ते तसेच बसून होते.