लादीतला काळा गोळा

थोरलीनं बापाच्या दगडाच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं घातली. धाकटी शिकायला बाहेर गेली, परत आली, आणि दगड निवडायचं काम बापानं सरळ तिच्या हाती दिलं. तेव्हापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबायचं नाव घेईना.

नव्या ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीसाठी ग्रॅनाइट हवा होता. एका करड्या लादीत तळहाताएवढा काळा गोळा होता. खराब माल म्हणून थोरलीनं ती बाजूला टाकली होती. धाकटीनं त्या लादीवर पाणी ओतून गोळ्याचा रंग खुलवला आणि आर्किटेक्टला समजावलं, की हा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात वितळलेला असताना भलत्याच खडकाचा तुकडा त्यात पडला आणि न विरघळता तसाच राहिला. आर्किटेक्टनं तीच लादी दाराशेजारी लावायचं ठरवलं. कौतुकाच्या बाबतीत महाकंजूस असलेला बापही म्हणाला, "पोरीला नजर आहे."

लादी मापापेक्षा लांब होती. कुठं कापायची, ती खडूची खूण धाकटीनं करून ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत थोरलीनं ती पुसली, हवी तिथं ओढली आणि मशीन सुरू केलं. काळ्या गोळ्याचे दोन तुकडे झाले.

आर्किटेक्टनं कपाळाला हात लावला. धाकटी पुढं झाली आणि खूण आपलीच चुकली म्हणाली. बाप रागावला तर नाहीच, उलट तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, चूक कबूल करायलाही छाती लागते.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. नजर तिची, आणि आता मोठं मनही तिचंच!

"खूण मी बदलली, बाबा," ती म्हणाली. "मुद्दाम."

पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. एवढं तरी धाकटीच्या पदरात पडू नये, इतकंच.

बापानं दोघींना खाणीवर जाऊन तसाच दगड आणायला सांगितलं. निवडायचा मात्र थोरलीनं.

खाणीवर थोरली दगडामागून दगड बघत फिरली. तिला सगळीकडे नुसते डागच दिसत होते. धाकटी पाण्याची बादली घेऊन मागून येत होती. हिनं बोट दाखवलं तर आपण जळून खाक होणार, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. तरी शेवटी तिनं विचारलंच.

"यातला कुठला गं?"

धाकटीनं बादली तिच्यापुढं ठेवली. "ओतून बघ ना, ताई."