किलुंबेची परीक्षा

अगं, काल क्योतोत आमच्या लॅबमध्ये काय झालं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

किलुंबे ही टांझानियातल्या डोंगरातली बंटू भाषा. बोलणारे मूठभर, आणि लिहायची सोय नव्हतीच. लॅबमधले मोरिता-सान आणि मी खपून तिची लिपी बसवली, रोमन अक्षरं आणि वर सुरांच्या, म्हणजे आवाजाच्या चढउताराच्या खुणा. काल विद्यापीठाची समिती आली होती. तिकडून येऊन आमची लिपी शिकलेल्या तुमाइनीताईंनी आधी न पाहिलेलं पान वाचून दाखवलं, तर तिथल्या शाळेसाठी पुस्तकं छापायची. नाहीतर गाशा गुंडाळायचा.

ताई घडाघडा सुटल्या की! त्यांच्या गावातल्या पहिल्या शाळेची गोष्ट, मीच निवडलेली. शाळा कोणी बांधली तिथपर्यंत आल्या आणि गप्प.

"सावकाश वाचा," मोरिता-सान म्हणाले. समितीचे लोक खाली मान घालून काहीतरी लिहायला लागले. संपलं मेलं सगळं, म्हटलं.

पण ताई तोंडावर ओढणी धरून चक्क लाजत होत्या! आमची आई अस्संच करते. बँकेत बाबांचं नाव विचारलं की मला कोपरानं ढोसते, "सांग ना गं." माझी ट्यूब पेटली. मोडक्यातोडक्या स्वाहिलीत मी विचारलं, "ताई, हे तुमचे सासरे का?"

"हो ना! सून सासऱ्याचं नाव घेत नाही. ते गेले तरी नाही."

आता आली का पंचाईत! समितीच्या बाई म्हणाल्या, "कश्मिरा-सान, मग यांना ते वाचता आलं, हे कशावरून?"

मी ते ताईंना सांगितलं. त्या उठल्या, पान पालथं घातलं आणि मार्कर उचलला. "तोंडानं घ्यायचं नाही, असं सासूनं सांगितलंय. लिहायचं नाही, असं कोण सांगणार? आमच्याकडे लिहीत होतं कोण?"

आणि फळ्यावर लिहिलं, म्वाकालिंडा. खुणांसकट, बिनचूक! मी किंचाळलेच. मोरिता-साननी समितीसमोर टाळ्या पिटल्या! बाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, पुस्तकं छापा.

ताईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या फळ्याकडे बघत होत्या.

"मला लेकीसारखं वागवलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही वाचा. मोठ्यांदा."

"म्वाकालिंडा!" आम्ही सगळे ओरडलो, समितीसकट.

ताई रडत होत्या आणि म्हणत होत्या, "अजून एकदा."