डबीचा सांधा

लोक नाणं बघत नाहीत, डबी बघतात. ग्रेडिंग कंपनीची प्लॅस्टिकची सीलबंद डबी, आत नाणं, वर दर्जाचं लेबल. एवढ्यावर माना डोलावतात. नाण्यांचं दुकान चालवणारा माझा धाकटा भाऊ त्यातलाच. त्याच्या एका लाडक्या डबीला मी चार गिऱ्हाइकांसमोर नकली म्हणालो. ती नकलीच होती! पण त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. त्यात माझी बायको गेली. मला फोन करणारं कोणी उरलं नाही, घर नुसतं खायला उठायचं.

आणि एक दिवस कुरिअरने त्याची डबी आली, मागोमाग फोन. "दादा, जरा बघून सांग ना, भरवशाची आहे का?"

त्याचा आवाज ऐकून मला भरून आलं.

भिंग घेऊन खिडकीशी बसलो. लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर जुळत होता. होलोग्रामही ठीक. पण कडेच्या सांध्यावर एका कोपऱ्यात प्लॅस्टिक पांढुरकं पडलं होतं आणि तिथे सुकलेला गोंद होता. कंपनी गोंद लावत नाही, कडा वितळवून जोडते. म्हणजे डबी उघडलेली. आतलं नाणं तेच की बदललेलं, देव जाणे. अशा डबीच्या लेबलला काडीची किंमत नाही.

खरं सांगितलं तर पुन्हा अबोला. तो मला सोसला नसता.

"अस्सल आहे रे," मी फोनवर म्हणालो. "झकास डबी."

"सांधा बघितलास?"

"बघितला की."

"दादा, ती मीच उघडून चिकटवली होती. दुकानात डब्या तपासायला खात्रीचं माणूस हवंय. तुलाच बोलवावं, तू इथे आमच्यातच राहावंस, असं मनात होतं. तुझी नजर अजून तशीच आहे का, एवढंच बघायचं होतं."

"अरे, दिसला होता मला गोंद! तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"आता मी सांगितल्यावर दिसला असेल. असू दे दादा. वय झालं की व्हायचंच."

इतक्या मायेने तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता.

आता त्याचा फोन नेमाने येतो. जेवलास का, गोळ्या घेतल्यास का, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जातोस. मी हो हो म्हणतो. नाण्यांबद्दल तो चकार शब्द काढत नाही.