शून्य टक्के शिराझ

आर्नोने मनगटावरचं घड्याळ काढून बटाट्याच्या सॅलडशेजारी ठेवलं. समोर बसलेल्या त्याच्या बायकोने, लोर्नाने, लगेच पाण्याचा काचेचा जग उचलून मागच्या पिंपावर नेऊन ठेवला. बाकी कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. आर्नोचा मोठा भाऊ थियो तोंडात शिराझ द्राक्षांची वाईन घोळवत होता. आर्नोचा ठोसा बसला तेव्हा ती त्याने गिळली नव्हती, त्यामुळे ती सगळी हुल्डाआत्याच्या पांढऱ्या ब्लाऊजवर गेली.

"इतकी वाईट आहे का रे?" आत्याने विचारलं. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि ठोसा तिला दिसला नव्हता.

भांडण खरं तर वाईनचंच होतं. द्राक्षांची तोडणी संपली की नोस्के घराण्यातली मंडळी थियोच्या शेडमध्ये जेवायला जमत. प्रत्येक घराने आपली एक बाटली आणायची, तिच्यावर फुटबॉलचा लांब मोजा चढवून, म्हणजे लेबल दिसत नाही. बाकीच्यांनी चव घेऊन ओळखायचं. तीस वर्षांत थियो एकदाच चुकला होता, आणि तेव्हा त्याला गालगुंड झालं होतं. आज त्याने पट्टेरी मोज्यातली चाखली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "शिराझ. मळ्याच्या वरच्या दगडी तुकड्यातली. सभ्य वाईन आहे."

आर्नोने मोजा ओढला. लेबलावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: अल्कोहोल शून्य टक्के.

गावचा हवालदार डेस, जो या दोघांचा मेहुणाही होता, इतका हसला की त्याला पट्टा सैल करावा लागला.

"ही वाईन नाही," थियो म्हणाला.

"आत्ता तूच सभ्य म्हणालास."

"पेटीत झोपवला की मुडदाही सभ्यच दिसतो."

"द्राक्षं आपली. आंबवली मी, अकरा महिने पिंपात ठेवली मी. शेवटी फक्त अल्कोहोल काढलं."

"शेवटी फक्त जीव काढला, असं म्हण."

लोर्ना हसली नव्हती. तिचं या बाटलीवर बरंच काही अवलंबून होतं. दोन वर्षं ती नव्वद किलोमीटरवरच्या मरे ब्रिज गावात बहिणीकडे राहिली होती आणि गेल्या ऑगस्टमध्ये परत आली होती ती एकाच अटीवर, की आर्नो दारूला शिवणार नाही. त्याआधीच्या एकोणीस वर्षांत तिचा एक हात आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. ते सगळं वाईनने केलं, असं घरात सर्वांचं ठरलेलं होतं. तिनेही तसंच ठरवलं होतं. दुसरं काही ठरवलं असतं तर परत येता आलं नसतं.

"लोर्नाला सांग," थियो ग्लास पुन्हा भरत म्हणाला, "पुढच्या वर्षी द्राक्षंही काढून टाकू. मोजा तेवढा राहू दे." मग खात्री करून घ्यायला त्याने मोठा घोट घेतला, आणि आर्नोने घड्याळ काढलं.

दुसऱ्या ठोशाने नाक मोडलं. थंडीतल्या छाटणीत वेलाची जून काडी तुटावी तसा आवाज झाला. थियोने हाताला लागलं ते उचललं. ते हातभर लांबीचं धुरावलेलं सॉसेज होतं. आर्नोच्या कानशिलावर त्याने ते दोनदा हाणलं, तिसऱ्यांदा मोडलं. बाक उलटला. काकडीच्या लोणच्याची बरणी फुटली. डेसने उठून आधी आपलं ताट सुरक्षित जागी हलवलं. इथपर्यंत लोक हसत होते, कारण सॉसेजने मारामारी चालू असताना गंभीर राहणं अवघड असतं.

मग आर्नोने थियोला कॉलरला धरून कोपऱ्यातल्या उघड्या टाकीपाशी नेलं. टाकीत या वर्षीच्या द्राक्षांची सालं अजून आंबत होती. त्याने भावाचं डोकं त्यात घातलं आणि दाबून धरलं. तो घाईत नव्हता. थियोच्या बुटांच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. आर्नोने त्याला वर काढलं, एक श्वास घेऊ दिला, चेहरा नीट पाहिला आणि पुन्हा आत घातलं.

"अरे, पुरे की," डेस म्हणाला. जागचा मात्र हलला नाही.

"आता सोडेल," लोर्ना हळूच आत्याला म्हणाली.

आर्नोने सोडलं.

थियो फरशीवर बसून खोकत राहिला. जांभळ्या रसात रक्त कुठलं ते ओळखता येत नव्हतं. आर्नोने नॅपकिनला हात पुसले आणि घड्याळ परत मनगटावर चढवलं.

"म्हणजे आर्नोला चढली की," हुल्डाआत्या म्हणाली. "वाईनच आहे ती."

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. कोणीतरी टाळी वाजवली. थियोनेही नाक धरून एक हात वर केला.

"मान्य," तो म्हणाला. "मी हरलो. वाईन आहे."

आर्नोच्या चेहऱ्यावर आशा दिसली. "माझ्या ग्लासात कोणीतरी खरी ओतली," तो म्हणाला. "लोर्ना, ऐकतेस ना? मला चव लागली होती. कोणी ओतली ते सांगा, मी रागावणार नाही."

ज्याने नाक मोडलं तो रागावणार नाही म्हणतोय, यावर कोणाचा विश्वास बसला नसावा.

"यंत्र आहे ना गाडीत," आर्नो डेसला म्हणाला. "आण. फुंकतो मी."

डेसने पोलिसांच्या गाडीतून श्वास तपासायचं यंत्र आणलं. आर्नोने छाती भरून फुंकलं. शून्य आलं.

"बिघडलंय," थियो म्हणाला. तो सज्जन माणूस होता. त्याने रक्त पुसून स्वतः फुंकून पाहिलं. पॉइंट वन वन आलं. यंत्र उत्तम चालत होतं.

आर्नोने पुन्हा फुंकलं. नळी बदलून घेतली आणि तिसऱ्यांदा फुंकलं, इतकं की मानेच्या शिरा वर आल्या. डेसने आकडा वाचला नाही, नुसतं यंत्र त्याच्यासमोर धरलं. आर्नो बराच वेळ त्या शून्याकडे पाहत राहिला. मग त्याने लोर्नाकडे पाहिलं. ती जमिनीवरच्या काचा गोळा करत होती.

थियोला दवाखान्यात न्यायला हवं होतं. कायद्याने गाडी चालवू शकेल असा शेडमध्ये एकच माणूस होता. डेसने स्वतः साडेचार ग्लास घेतले होते. तेव्हा ज्याने नाक मोडलं त्यानेच थियोला थियोच्याच गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला, नाकावर गोठलेल्या मटारांची पिशवी ठेवली. मग लोर्नासाठी मागचं दार उघडून धरलं.

"चल."

"तू जा त्याला घेऊन," लोर्ना म्हणाली. "मी आपली गाडी आणते."

"तू दोन ग्लास घेतलेत."

"ठाऊक आहे मला."

तो थोडा वेळ दार धरून उभा राहिला. आतून थियो म्हणाला, "आर्नो, मटार वितळतायत." गाडी गेली.

लोर्नाने काचा डब्यात टाकल्या, हात धुतले आणि डेससमोर जाऊन उभी राहिली.

"मला दे ते."

तिने फुंकलं. पॉइंट झिरो सिक्स.

"पॉइंट झिरो फाइव्हच्या खाली यायला तासभर थांबावं लागेल," डेस म्हणाला. "दवाखान्यात काय झालं ते मी फोन करून विचारतो. तू कशाला जातेस?"

एक खोकं उलटं करून लोर्ना दाराशी बसली, पर्स मांडीवर घेऊन. आत्याने तिला केकचा तुकडा आणून दिला, तो तिने सगळा खाल्ला. लोक एकेक करून भांडी आवरू लागले आणि तिच्या बाजूने जाताना आवाज कमी करू लागले. डेस दर पंधरा मिनिटांनी यंत्र आणत होता. चौथ्या वेळी पॉइंट झिरो फोर आलं.

"चालेल," तो म्हणाला. मग चाचरत विचारलं, "लांब जायचंय का?"

"नव्वद किलोमीटर."

डेसने खिशातून कसलीशी गोळ्यांची पुडी काढून तिला दिली, झोप येऊ नये म्हणून चघळायच्या त्या. "रस्त्यात येणाऱ्या कांगारूंकडे लक्ष ठेव," तो म्हणाला.

फाटकापाशी तिने उजवीकडे वळायचा दिवा लावला. दवाखाना डावीकडे होता. रस्त्यावर दोन्ही बाजूंना कोणीच नव्हतं, तरी तिने पूर्ण थांबून दोन्हीकडे पाहिलं, आणि मग वळली.