नाव न ठेवलेली लेकरं

रूही ही वडशाच्या जाफर टेलरची मुलगी. डॉक्टर होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि १९९८च्या हिवाळ्यात ती गडचिरोलीच्या एका छोट्या संस्थेत संशोधन शिकायला लागली. पहिलंच काम मिळालं चामोर्शीपलीकडच्या एका जंगलातल्या गावात. घरोघर जाऊन किती मुलं झाली आणि किती दगावली, हे फॉर्मवर लिहून आणायचं. सोबतीला गावची सुईण कलाबाई. बाया गोंडीत बोलायच्या, कलाबाई मराठीत सांगायची.

चार दिवसांत चाळीस घरं झाली. दगावलेली बाळं फक्त दोन.

"तुमचं गाव नशीबवान आहे, कलाबाई," रूही कागद लावत म्हणाली.

कलाबाई सुपातले तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "दोन? माह्या हातातूनच त्याच्याहून जास्त गेले."

"मग मले पहिल्या दिवशी काऊन नाई सांगितलं?" रूही एकदम घरच्या बोलीवर आली.

"तू मले घर दाखवाले सांगितलं, मी घर दाखवलं. तू विचारते, लेकरं किती. ज्याचं नावच ठेवलं नाई, त्याले बाई लेकरात कशी मोजन?"

रूहीने त्या रात्री चाळीसही फॉर्म पुन्हा वाचून काढले. सकाळी तिने प्रश्न बदलला आणि दोघी पुन्हा पहिल्या घरापासून निघाल्या. पहिलं घर बुधरीचं. आधी तिने तीन मुलं सांगितली होती. आता कलाबाईने तिच्याजवळ बसून विचारलं, किती वेळा बाळंत झालीस?

बुधरी बोटं मोजत राहिली. पाच.

आधी न सांगितलेल्या दोघांतलं एक सकाळभर जगलं. दुसरं बाळ मुलगी, ती चार दिवस. तिने दूध ओढणं सोडलं, मग अंग गार पडलं. तिच्या डाव्या तळपायावर तीळ होता. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून बुधरी बोलत राहिली. रूहीचा पेन थांबला.

"लिही," कलाबाई हळूच म्हणाली. "ते सांगून राह्यली ना."

रूहीने तीळही लिहिला.

चाळीस घरांत आता दगावलेली एकोणीस बाळं निघाली. गडचिरोलीला परतल्यावर तिने धनराज सरांना, म्हणजे तिला शिकवणाऱ्या डॉक्टरांना, सरळ सांगून टाकलं, की आधीचे सगळे फॉर्म चुकले होते आणि चूक कलाबाईने पकडली. सर बुधरीच्या फॉर्मवर बराच वेळ अडले.

"हा तीळ कुठल्या रकान्यात बसवायचा?"

"रकाना नाही, सर. पण खोडू नका."

त्यांनी खोडला नाही. पुढच्या तुकडीला पहिले धडे कलाबाईने द्यावेत, असं रूहीने सुचवलं, तेही त्यांनी मानलं.

उन्हाळ्यात पाच नवे डॉक्टर गावात आले. कलाबाईने त्यांना अंगणात बसवलं आणि मोहफुलांचा ढीग पुढे ओतला. "दोन दिवस कागद काढाचा नाई. बायांसोबत बसून फुलं साफ करा. त्या बोलतीन, तुमी आयका."

रूहीला बसायची काही गरज नव्हती. तरी ती कलाबाईला चिकटून बसली आणि तिने मूठभर फुलं पुढे ओढली.