सगळीकडे ९:२४

सिंकमधला चमचा आपणहून घसरला आणि ठण्ण वाजला. मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. मुंगी कुशीवर वळली, अंगठा चुकून नाकाशी नेला, मग योग्य जागी घातला आणि परत झोपली. म्हणजे अजून अर्धा तास माझा होता.

मुंगी ही आमची लेक. वाटेतला प्रत्येक खडा हुंगून पुढे जाते, म्हणून मुंगी. तीन वर्षांची आहे. सोमवारपासून ती पाळणाघरात आणि मी तीन वर्षांनी पुन्हा ऑफिसात, साडेनऊच्या ठोक्याला खुर्चीत. "महिनाभर बघू," असं मॅडम म्हणाल्या होत्या, आणि त्यांचं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे. दोनदा उशीर झाला की खुर्ची दुसऱ्याची.

रंगाच्या कारखान्यात माझं कामच ते होतं: अमुक वाढलं तर काय होईल, तमुक घटलं तर काय होईल, हे एक्सेलमध्ये मांडून द्यायचं. म्हटलं, घरची सकाळही मांडून बघू. ऑफिसची एक जुनी फाइल उघडली, आतलं सगळं पुसलं आणि उठल्यापासून खुर्चीत टेकेपर्यंतची मिनिटं भरली. मग डेटा टेबल केलं. वर आडवी नवऱ्याची आंघोळ, पाच मिनिटांपासून पंचवीसपर्यंत पाच-पाचने, कारण घरात न्हाणीघर एकच. डावीकडे उभे मुंगीचे बूट, दोनपासून बारा मिनिटांपर्यंत दोन-दोनने. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून या दोनच गोष्टी बदलल्या तर मी किती वाजता पोचेन, ते मधल्या तीस चौकोनांत आपोआप यायचं होतं.

आलं. तीसच्या तीस चौकोनांत ९:२४.

नवरा मागे येऊन उभा राहिला होता, ते मला त्याच्या हसण्यावरून कळलं.

"बघ. पंचवीस मिनिटं आंघोळ केली तरी ९:२४. हे मी म्हणत नाही हं, एक्सेल म्हणतंय."

"हळू बोल, उठेल ती. काहीतरी चुकलंय."

"लग्न झाल्यापासून माझ्या आंघोळीवर खापर फोडतेयस. आज सुटलो एकदाचा. याची प्रिंट काढ, न्हाणीघराच्या दाराला लावतो."

मी सूत्रं तपासली. सूत्रं बरोबर होती. तोवर सासूबाई आल्या. त्यांची सगळी नोकरी रक्त तपासायच्या लॅबमध्ये गेली. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"तीस नमुने, आणि सगळ्यांचं उत्तर एकच?"

"हो ना, आई."

"अगं, मग यंत्र बंद असणार. आमच्याकडे एकदा अख्ख्या वॉर्डाची साखर सारखी आली. डॉक्टर खूश. दुपारी कळलं, मशीन सकाळपासून एकच आकडा धरून बसलंय."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही फाइल माझीच. तेव्हा ती इतकी जड होती की डेटा टेबलं सोडून बाकीचंच आपोआप मोजायचं, असं मीच लावून ठेवलं होतं. सगळं नव्याने मोजायला लावणारं एफ-नाइनचं बटण मी दाबलं.

दहा चौकोनांत ९:२४ राहिलं. बाकीच्या विसांत ९:४४. बस दर वीस मिनिटांनी आहे, त्यामुळे एक मिनिट गेलं की वीस जातात.

"आंघोळ दहा मिनिटं," मी म्हणाले.

"दहा मिनिटांत साबण लावायचा, की नुसता अंगाला दाखवायचा?"

"दाखव."

सासूबाई मात्र अजून वाकूनच होत्या. खालच्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "हे काय? पाळणाघरात निरोप, एक मिनिट?"

"एक मिनिट पुरेल ना."

"परवा कोपऱ्यावरच्या दुकानात जायला निघालीस. मुंगीला माझ्यापाशी सोडून. अकरा मिनिटं लागली तुला. तीनदा परत आलीस. मी घड्याळ लावून बसले होते, सवय आहे मला."

नवऱ्याने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला. मी नवं टेबल केलं: निरोप, एकपासून अकरापर्यंत. आंघोळ दहा, बूट चार. या खेपेला आठवणीने एफ-नाइनही दाबलं. चारपर्यंत ९:२४. पाचापासून थेट अकरापर्यंत ९:४४.

"म्हणजे माझा साबण गेला," नवरा म्हणाला, "आणि घोडं अडलंय पाळणाघराच्या दारात."

"असं मूल कुणी चार मिनिटांत सोडून जातं का रे?"

"मला काय विचारतेस. त्याला विचार," तो पडद्याकडे हनुवटी करून म्हणाला.

मुंगी उठून आली. एका पायात मोजा, केस सगळे एका बाजूला. मी तिला मांडीवर घेतलं. सोमवारपासून काय काय होणार, ते सावकाश सांगितलं: पाळणाघर, तिथली मावशी, आईची बस.

"आणि दारात आपण टाटा करायचं. चार मिनिटं. त्याहून जास्त नाही. चालेल?"

तिने चार बोटं वर केली आणि नीट बघितली. मग दुसऱ्या हाताने त्यातली तीन एकेक करून मिटली.

"मला एक पुरे," ती म्हणाली. राहिलेलं बोट तिने माझ्या गालावर टेकवलं. "आई, तुला किती लागतात?"