हॉबर्टचं बोट

सरका मंडळी, असे जवळ या. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातली, एवढ्याशा बोटाची गोष्ट आहे. मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

व्हर्डीने करकचून ब्रेक दाबला. चौकाच्या चारी तोंडांना एकेक करून चार गाड्या थांबल्या आणि काचेमागून सगळे एकमेकांना खुणावत होते: आधी तुम्ही, आधी तुम्ही. शेजारी परीक्षा घेणारा साहेब बसला होता.

“मॅडम, सगळ्यांत आधी तुम्ही आलात. निघा.”

“पण समोर आमच्या शेजारची ओमा आहे. तिचे गुडघे दुखतात.”

“त्या गाडीत बसल्यात, मॅडम.”

स्टिअरिंगवरून व्हर्डीचं बोट आपोआप उचललं गेलं आणि ओमा आधी गेली. लायसन हुकलं.

साठीला टेकेपर्यंत तिच्यावर गाडी चालवायची वेळ आली नव्हती. नवरा होता ना. पण साखरेने हॉबर्टचे डोळे नेले, मग मूत्रपिंडंही. डायलिसिसचं गाव डोंगरापलीकडे, बस नाही. शेजारीपाजारी नेत होते, पण ते तरी किती दिवस नेणार? ती चालवायला शिकली नाही, तर हॉबर्ट जगणार कसा, एवढा साधा हिशेब होता.

घरी हॉबर्ट खोकला लागेपर्यंत हसला.

“हसू नकोस. पुस्तक म्हणतं, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तू म्हणतोस, समोरून माणूस आला की नमस्काराचं बोट उचलायचं, नाहीतर आपण माणूस कसले. मी ऐकू कुणाचं?”

“पुस्तक लिहिणारा आपल्या रस्त्याने कधी आला नसेल गं,” तो म्हणाला. मग चाचपडत त्याने तिचा हात धरला. “पण सध्या त्याचंच ऐक.”

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. हात खिळ्यांनी ठोकल्यासारखे.

“जपून हं, मॅडम,” साहेब म्हणाला. “लायसन नवं आहे. चुका झाल्या तर जाईलही.”

तेवढं वाक्य तिने गाठीला बांधलं. समोरून कुणीही येवो, तिची बोटं हलेनात.

रविवारी प्रार्थनामंदिरात पाद्रीबाबांचं प्रवचन नेहमीसारखं बोलता बोलता गाण्यावर गेलं. सूर चढला तसं मिटल्या डोळ्यांनी हॉबर्टने एक बोट वर केलं. मनाला भिडलेल्या शब्दाला त्याची तेवढीच दाद असायची. बाहेर पडताना ओमाने व्हर्डीला दारातच गाठलं.

“काय गं, लायसन मिळालं आणि ओळख विसरलीस? मी आपली वेड्यासारखी बोट उचलतेय!”

“अगं, पुस्तकात लिहिलंय…”

“कुठल्या? बायबलमध्ये?”

व्हर्डीला रडू येतंय की राग, तिलाच कळेना. परवाना हातात आला होता आणि गाव हातचं जात होतं.

पुढच्या खेपेला डायलिसिसला जाताना वळणापलीकडे इंजिन घरघरलं. हॉबर्टने कान टवकारले.

“बर्लचा ट्रक. सायलेन्सर फुटलाय मेल्याचा.” आणि समोरच्या काचेपुढे त्याचं बोट उभं राहिलं. “तू रस्ता सांभाळ. माणसांकडे मी बघतो.”

तेव्हापासून तसंच चाललं. कधी चुकायचंही.

“हॉबर्ट, तो ओढा होता.”

“मग ओढ्याला नमस्कार. त्यानेही कधी वाट अडवली नाही आपली.”

पानगळ सरली आणि ती सीट रिकामी झाली.

दफनानंतर व्हर्डी पहिल्यांदा एकटीच निघाली. शेजारी हॉबर्टचा कोट घडी करून ठेवलेला; तो का घेतला, तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. समोरून ओमाची गाडी आली. ओमाने बोट उचललं, पण नजर व्हर्डीकडे नव्हती. तिच्या गाडीमागून बर्लचा ट्रक आला. त्यानेही तसंच केलं. जरासं बाजूला बघून. व्हर्डी गोंधळली. आपलं काही चुकलं का? दिवे राहिले का? तिने आरसा पाहिला, मग सहज उजवीकडे, हॉबर्टच्या सीटकडे वळून पाहिलं.

तिथे कोट होता.

तिचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि त्या कोटावर जाऊन टेकला. पुढचं वळण तिने एका हातानेच घेतलं.

तर मंडळी, कधी त्या डोंगरात गेलात आणि समोरच्या गाडीतल्या अनोळखी माणसाने बोट उचललं, तर संकोचू नका, तुम्हीही उचला. आणि तेवढ्यापुरती हॉबर्टची आठवण काढा.